कॅडन्सचा आकडा स्थिर होईपर्यंत

गुडघ्याच्या दुखण्यानंतर माझ्या फिजिओथेरपिस्टनी सायकल बंद करायला सांगितलं नाही, एक अट मात्र घातली. जड गिअरवर रेटायचं नाही, पेडलचे फेरे मिनिटाला ८०च्या वर ठेवायचे. हे फेरे म्हणजेच कॅडन्स. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडला सातपूर सोडल्यावर अंजनेरीपर्यंत रस्ता हळूहळू चढत राहतो. वाहनं चुकवत तिथे फेरे मनात मोजणं शक्य नसतं. म्हणून डाव्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, कॅडन्स सेन्सर, मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, स्पीड सेन्सर आणि डाव्या मनगटावर स्पोर्ट्स वॉच अशी माझी मांडणी. आकडा गायब झाला की गुडघ्यावर किती ताण पडला हे मला घरी आल्यावर सूज बघूनच कळतं. त्यामुळे घड्याळात आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसायला लागल्या तेव्हा मी हे प्रकरण तडीस न्यायचं ठरवलं.

ज्याला विचारावं तो पहिल्यांदा सगळं रिसेट करायला सांगतो. मला ते पटत नाही. रिसेटनंतर चार दिवस चाललं तरी बिघाड कुठे होता हे कळत नाही, आणि पाचव्या दिवशी तो परत येतो. दोष तीनच ठिकाणी असू शकतो: सेन्सरमध्ये, घड्याळात किंवा त्या दोघांच्या मधल्या वाटेत. मी एकेक जागा वेगळी काढत गेले.

सुरुवात सेन्सर जिवंत आहे का इथून. हे सेन्सर हालचाल थांबली की झोपतात, त्यामुळे सायकल भिंतीला टेकवून घड्याळात शोधत बसण्यात अर्थ नाही. क्रँक हाताने फिरवली आणि फोनमधल्या अॅपवर बघितलं, तर कॅडन्स छान दिसत होता. घड्याळात मात्र काहीच नाही. इथेच पहिला धागा सापडला. हे सेन्सर दोन प्रकारे बोलतात, ब्लूटूथवर आणि एएनटी प्लसवर. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, पण रीत वेगळी. एएनटी प्लस आकाशवाणीसारखं: सेन्सर सेकंदाला साधारण चार वेळा आपली माहिती हवेत सोडतो, ज्याला ऐकायची त्याने ऐकावी. ब्लूटूथवर मात्र बरेच सेन्सर एका वेळी एकाशीच जोडले जातात, आणि जोडले गेले की दुसऱ्या कोणाला दिसतसुद्धा नाहीत. माझ्या घड्याळाने सेन्सर ब्लूटूथने जोडून ठेवला होता. खिशातला फोन आधी जागा झाला की सेन्सर त्याच्याकडे जायचा आणि घड्याळ शोधत राहायचं. फोनच्या अॅपमधून सेन्सर काढला, घड्याळातली जुनी नोंद पुसली आणि एएनटी प्लसने नव्याने जोडलं. कधी चालू, कधी बंद हा लपंडाव तिथेच संपला.

पण नवी जोडणी रविवारी सकाळी ग्रुपमध्ये उभं राहून करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. नाशिकच्या रस्त्यांवर आज पहाटे सायकलींची जी रांग दिसते त्यात अशा लोकांचा मोठा वाटा आहे, आणि त्या रांगेतल्या बऱ्याच सायकलींवर सेन्सर आहेत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आम्ही थांबलो होतो, आणि मी जोडणी तिथेच केली. माझा पाय जमिनीवर, आणि घड्याळात कॅडन्स ८६! शेजारून जाणाऱ्या कोणाचा तरी सेन्सर माझ्या घड्याळाने आपला मानला होता. प्रत्येक एएनटी प्लस सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो घड्याळातल्या सेन्सरच्या तपशिलात दिसतो. घरी, आसपास दुसरी सायकल नसताना, तो क्रमांक बघून जोडणी केली आणि क्रमांक सायकलच्या फ्रेमवर आतल्या बाजूला चिकटवून ठेवला.

यानंतर उरला तो सगळ्यात चिवट भाग. थंडीतल्या पहाटे, गिरणाऱ्याच्या रस्त्याला, पहिला अर्धा तास कॅडन्स यायचा-जायचा. ऊन चढलं की सुरळीत. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा मल्टिमीटर घेऊन आला. सेल काढून मोजला तर जवळजवळ ३ व्होल्ट.

"मावशी, सेल तर चांगलाय," तो म्हणाला.

मग त्यालाच शंका आली. त्याने सेलला भार म्हणून एक छोटा रेझिस्टर जोडला आणि पुन्हा मोजलं. आकडा झपकन खाली आला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक जण मल्टिमीटरवर ३ बघून सेलला निर्दोष ठरवतात. या बटण सेलचा व्होल्टेज नुसता मोजला तर आयुष्याच्या जवळजवळ शेवटपर्यंत ठीक दिसतो. सेन्सर रेडिओ चालू करून एकदम करंट ओढतो तेव्हा सेल दमतो, आणि थंडीत अजूनच दमतो. मोजायचं तर भार देऊन मोजायचं.

महात्मा गांधी रोडवरून नवा सेल आणला. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा. हे मापच घ्यायचं, जवळपासचं चालत नाही. नवा सेल घातला तर सेन्सर साफ मुका. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या अशा सेलवर कडू रसायनाचा थर देतात, आणि काही उपकरणांत संपर्काची पट्टी नेमकी त्या थरावर टेकते. थर नसलेला सेल आणला, पट्टी कोरड्या कापडाने पुसली, भाच्याने ती लाकडी टूथपिकने किंचित वर उचलली. सेन्सर बोलायला लागला. मुलांसाठीचा तो थर चांगल्या कारणासाठी आहे, हे मात्र विसरू नका. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. जुना सेल मी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावूनच टाकते.

स्पीड सेन्सरचं दुखणं वेगळं होतं. त्याचा सिग्नल पावसात तुटायचा, तेही पहिनेकडच्या मुसळधार पावसात जास्त. सायकलच्या दुकानातल्या दादांना विचारलं.

"ताई, घड्याळ हँडलला बांधून एक चक्कर मारून बघा ना," ते म्हणाले.

मारली, आणि सिग्नल एकदाही तुटला नाही. म्हणजे घड्याळही ठीक, सेन्सरही ठीक, दोष वाटेत. या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाच्या शरीरात पाणीच जास्त. मागच्या हबपासून मनगटापर्यंतच्या वाटेत माझे पाय आणि धड, त्यात घड्याळावर रेनकोटची निथळती बाही. दादांनी स्पीड सेन्सर पुढच्या हबवर लावून दिला. आता सेन्सर आणि हात यांच्यामध्ये फक्त फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि हँडल. पावसात घड्याळ बाहीच्या वर बांधते. ज्यांची सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढते त्यांना सेन्सर मागेच ठेवावा लागेल, कारण तिथे पुढचं चाक फिरत नाही.

घड्याळ वेग चाकाच्या परिघावरून काढतं, म्हणून जागा बदलल्यावर तो मी एकदा मोजून घेतला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायरवर आणि फरशीवर खडूची खूण, सायकलवर बसून पूर्ण एक फेरा, आणि टेप. ७०० बाय २८ च्या टायरला तक्ते २१३६ मिलिमीटर सांगतात. माझा बसल्यावर थोडा कमी भरला. तोच आकडा घड्याळात घातला.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात. मी अशी एक फेरी केली. त्या दिवशी दोन्ही सेन्सर शेवटपर्यंत टिकले. शहरात परतताना मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली घड्याळातला जीपीएसचा माग वेडावाकडा झाला, पण वेग चाकावरून येत होता म्हणून तो सलग राहिला. कॅडन्सची सरासरी ८२ आली. गुडघ्याला सूज नव्हती.