जळगावच्या एमआयडीसीतून जहाजाच्या फिल्टरसाठी कर्ज काढताना

आमचं युनिट ठिबकच्या फिल्टरचं. स्क्रीन फिल्टर, डिस्क फिल्टर, वाळूच्या टाक्या. मृगबागेच्या लागवडीआधी जेवायला फुरसत नसते, आणि नंतर कारागिरांना काय काम द्यायचं हा प्रश्न असतो. त्या रिकाम्या महिन्यांसाठी काहीतरी शोधतच होतो. अशात जहाजांच्या बॅलास्ट पाण्याची, म्हणजे तोल राखायला भरलेल्या पाण्याची, शुद्धीकरण यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीकडून विचारणा आली: ४० मायक्रॉनचे फिल्टर एलिमेंट, म्हणजे आतल्या गाळणीच्या जाळ्या, बनवून द्याल का?

ठिबकला १२० मेशची जाळी, म्हणजे साधारण १३० मायक्रॉनच्या छिद्रांवर भागतं. जाळीवर कचरा साचला, आत-बाहेरच्या दाबातला फरक वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या पाण्याने धुणं, हे तंत्र दोन्हीकडे एकच. फरक धातूचा. ३०४ स्टीलला समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड बारीक छिद्रं पाडतं. ३१६एल किंवा त्याच्या वरचं लागतं, वेल्डिंग वेगळं, हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाने तपासायचा) बेंच वेगळा. सगळं मिळून खर्च आमच्या गल्ल्याबाहेरचा, म्हणून बँक. अमळनेरचे मामा ऐकून म्हणाले, "काबरं रे भाऊ, समिंदर कोठे नि जयगाव कोठे?"

शाखेतल्या साहेबांनीही शुद्ध मराठीत तेच विचारलं. प्रदूषण म्हणजे तेलगळती एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तेलाचा नियम मारपोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं, पाणी सोडताना तेल १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग) वर नको. आमचा विषय वेगळा. रिकामं जहाज तोल राखायला एका बंदरात समुद्राचं पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडतं. त्या पाण्यातून शिंपल्यांची पिल्लं, जेलीसारखे जीव, जंतू असं सगळं फुकटात प्रवास करतं. काळ्या समुद्रात १९८०च्या दशकात असाच एक कंगवा-जेली पोचला आणि तिथल्या मासेमारीला मोठा फटका बसला. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग म्हटलं, "साहेब, आपल्या शेतातलं गाजर गवत बाहेरच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात ना? तसंच हे, पाण्यातलं." साहेब मूळचे शेतकरी घरातले. फाइल पुढे ओढून घेतली.

पण खरी अडचण त्यांनीच काढली, आणि ती रास्त होती. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला, आणि कराराखालच्या जुन्या जहाजांना शुद्धीकरणाचं मानक गाठायची शेवटची मुदत होती ८ सप्टेंबर २०२४. आमच्या प्रकल्प अहवालात या तारखा ठळक छापल्या होत्या. साहेब म्हणाले, "मुदत संपली म्हणजे ज्यांना बसवायचं त्यांनी बसवलं. आता तुमच्याकडून घेणार कोण?"

सीए भाऊ माझ्याकडे बघायला लागले. उत्तर कागदात नव्हतं, कामात होतं. यंत्रणा एकदा बसते, एलिमेंट झिजतो. हुगळी नदीवरच्यासारख्या गाळाच्या बंदरात पाणी भरलं की जाळी लवकर तुंबते, बॅकवॉश पुन्हापुन्हा, आणि जाळीचे हाल. शिवाय नवी जहाजं बांधली जातातच. विक्रीचे अंदाज आम्ही नव्या यंत्रणांवरून काढून सुट्या भागांवर आणले. आकडे लहान झाले, पण साहेबांना पटले ते हेच.

आता ऑर्डरचा घोळ. जहाजावरची यंत्रणा संपूर्ण मंजूर झालेली असते, तिच्यात कुणाचीही जाळी घुसवता येत नाही. म्हणजे माल घेणार तो यंत्रणा बनवणारा, थेट जहाजवाला नाही. तो म्हणे आधी नमुना पास करा, मग ऑर्डर. बँक म्हणे आधी ऑर्डर दाखवा, मग कर्ज. आणि मशीनशिवाय नमुना कसा करायचा? शेवटी जाळी विकत आणली, वेल्डिंग नाशिकला अंबडमध्ये जॉबवर्कने करून घेतलं आणि नमुना पाठवला. तो पास झाल्याचं पत्र फाइलला लागलं, तेव्हा कुठे ती वर सरकली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते प्रमाणपत्रांनी. मालाच्या धातूला ३.२ दर्जाचा दाखला लागतो, म्हणजे आपण सही करून चालत नाही. तिसऱ्या पक्षाचा निरीक्षक समोर उभा राहून तपासतो आणि तोही सही करतो. त्याची फी, येण्याजाण्याचा खर्च, चाचणीत तोडले जाणारे तुकडे. बँकेच्या तक्त्यात जमीन, शेड, मशीन, खेळतं भांडवल असे रकाने. याला जागाच नाही. सीए भाऊंनी हा खर्च उत्पादनपूर्व खर्चात बसवला. शाखेने त्यातला बराचसा उडवला, उरलेला आम्ही घरातून घातला. असा प्रस्ताव करणाऱ्याने ही रक्कम मार्जिनबाहेर (आपण घालायच्या वाट्याबाहेर) वेगळी बाजूला ठेवावी, नाहीतर मशीन येऊन उभी राहते आणि माल निघत नाही.

तारणाचं सांगायलाच हवं. सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी आता १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते, तीही तारणाशिवाय. हे कागदावर. शाखेला मात्र रावेरकडची केळीची जमीन हवी होती, आणि तिच्या सातबाऱ्यावर दादांचंही नाव. दादा सही द्यायला तयार होते, मीच नको म्हटलं. सीए भाऊंनी हायब्रिडचा पर्याय पुढे केला: थोडं तारण, बाकीच्याला हमी. तारण म्हणून एमआयडीसीचा प्लॉट दिला. तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, त्यामुळे गहाण ठेवायला एमआयडीसीची संमती आणि त्या कागदाची वाट बघणं आलंच.

एक गंमतही झाली. प्रदूषण रोखायचा भाग बनवायला प्रदूषण मंडळाची परवानगी! स्टील पिकलिंगला, म्हणजे वेल्डिंगनंतर पृष्ठभाग साफ करायला, ॲसिड लागतं, ते अहवालात होतं, आणि मंडळाची संमती आल्याशिवाय बँक पैसे सोडेना. पिकलिंग बाहेर द्यायचं ठरवलं, अहवालातून काढलं, आणि संमतीचं काम पुष्कळ हलकं झालं.

पैसे थेट मशीनवाल्याच्या खात्यात गेले. सध्या भांडण महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर आहे: निरीक्षकाची तारीख मिळेपर्यंत रॅकवर पडलेले एलिमेंट बँक तयार मालात धरत नाही, त्यामुळे कॅश क्रेडिटची उचल कमी मिळते. म्हणून आता निरीक्षकाची तारीख आधी घेतो, मगच जाळी कापायला सांगतो.