दम्याचं इंजेक्शन ठरवण्याआधी सीबीसीची एक ओळ वाचा

दम्याच्या पेशंटच्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्टवर 'इओसिनोफिल ६ टक्के' अशी ओळ असते. इओसिनोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० असतील तर त्याचे ६ टक्के म्हणजे ४८०. खरा आकडा हा. १५०च्या वर गेला की टाइप-२ दाहाची, म्हणजे इओसिनोफिल वाढवणाऱ्या सुजेची, शंका घ्यायची. ३००च्या वर असेल तर ती बळावते.

हा दाह पेटता ठेवणारी प्रथिनं म्हणजे इंटरल्युकिन (आयएल). आयएल-५ अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढवतं आणि त्यांना जगवतं. आयएल-४ मुळे बी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं, बनवू लागतात. पेशंटला सगळ्यात जास्त छळतं ते आयएल-१३: चिकट बेडका वाढतो, आणि जरा उदबत्तीचा धूर लागला की श्वासनलिका आवळते. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे फेनो, वाढतो तोही बराचसा याच्यामुळेच.

मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन आयएल-५ ला अडवतं. सुरुवातीला ते दम्याच्या पेशंटना सरसकट देऊन पाहिलं, तेव्हा फारसा गुण दिसला नाही. २००९मध्ये इओसिनोफिल वाढलेले पेशंट निवडून दिलं, आणि अटॅक स्पष्टपणे कमी झाले. औषध तेच होतं, पेशंटची निवड बदलली होती. म्हणून तपासणीला एवढं महत्त्व. आज मोठ्यांना ते दर ४ आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, त्वचेखाली देतात. ड्युपिलुमॅब हे दुसरं इंजेक्शन आयएल-४ आणि आयएल-१३ या दोघांचा सामायिक रिसेप्टर (पेशीवरची त्यांची जोडणीची जागा) बंद करतं. ते सुरू केल्यावर रक्तातले इओसिनोफिल काही काळ उलट वाढू शकतात.

हमखास चूक होते ती तपासणीच्या वेळेत. अटॅकसाठी प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या चालू असताना रक्त दिलं, तर इओसिनोफिल जवळपास शून्यावर आलेले दिसतात आणि पेशंट इंजेक्शनसाठी उगाच बाद ठरतो. कोर्सच्या आधीचे जुने रिपोर्ट शोधा, नाहीतर कोर्स संपल्यावर एक-दोन आठवडे थांबून पुन्हा तपासा.

आपल्याकडे उलटी चूकही होते. जंतांमुळे इओसिनोफिल वाढतात. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात रात्रीचा खोकला, घरघर आणि ३,०००च्या वर आकडा दिसला, तर आधी फायलेरियाचा (हत्तीरोगाच्या जंतांचा) विचार करायचा. जंत असतील तर आधी त्यांचा उपचार, मग इंजेक्शन. कारण जंतांशी लढायला शरीर हीच प्रथिनं वापरतं.

आणि पंप? स्टेरॉइडचा पंप यातली बरीच प्रथिनं एकदम दाबतो. साल्ब्युटामॉलचा पंप नुसता श्वासनलिकेचे स्नायू सैल करतो, दाहाला हात लावत नाही. स्टेरॉइडचा स्प्रे पंप असेल तर हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबतानाच सावकाश आत ओढा, १० सेकंद रोखा, नंतर चूळ भरून थुंका. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, नाहीतर औषध घशातच चिकटतं. महागड्या इंजेक्शनकडे वळण्याआधी पेशंटला समोर बसवून पंप ओढायला लावा. इंजेक्शन सुरू केलंच, तर गुण येतो की नाही हे किमान चार महिने पाहायचं, आणि तोवर पंप बंद करायचा नाही.