ट्रंकेतला अर्ज

गावच्या घराला रंग द्यायचा म्हणून सगळं सामान बाहेर काढलं तेव्हा आजीची पत्र्याची ट्रंक उघडली, आणि तळाशी टाईप केलेला एक अर्ज सापडला. कार्बन कॉपी आहे, अक्षरं निळी पसरलेली. त्यात लिहिलंय की आजोबांना मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात ठेवलंय, का ठेवलंय ते सांगितलेलं नाही, कोर्टाने त्यांना हजर करायला लावावं. म्हणजे हेबियस कॉर्पस. शेवटी तारखेच्या जागी नुसतं 'मे १९७६', आकडा टाकलेलाच नाही. का नाही ते वडिलांनी सांगितलं, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

आणीबाणी लागली २५ जून १९७५ ला. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींचा आदेश निघाला की घटनेच्या कलम १४, २१ आणि २२ च्या, म्हणजे समानता, जीवित-स्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण या हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही. आजोबा शाळामास्तर, पावसाळ्यात रात्री जीप आली आणि घेऊन गेली. मिसात तर कारण सांगायचंही बंधन ठेवलं नव्हतं. आजी तालुक्याच्या वकिलांकडे खेटे घालायची, ते म्हणायचे वहिनी, थोडं थांबा, हायकोर्टं आपल्या बाजूने निकाल देतायत. आणि ते खरंच होतं, एकदोन नाही तर नऊ हायकोर्टांनी सांगितलं होतं की आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे का एवढं आम्ही तपासणार, त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. त्या काळात बदलीची टांगती तलवार डोक्यावर असताना हायकोर्टाच्या जजनी असं लिहिणं म्हणजे काय असेल याचा विचार करा.

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. एडीएम जबलपूर म्हणून ओळखला जातो तो हा खटला. पाच न्यायमूर्ती. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत आपले सासवडचे वि. म. तारकुंडे होते. न्या. हंसराज खन्नांनी अॅटर्नी जनरल नीरेन डे यांना सरळ विचारलं, कलम २१ मध्ये स्वातंत्र्यासोबत जीवही आहे, मग उद्या बेकायदा कुणाचा जीवच घेतला तर? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर कोर्ट काही करू शकत नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. चारांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, पी. एन. भगवती होते. न्या. बेग यांनी तर लिहिलं की स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतंय. हे वाक्य वाचलं तेव्हा मला आजी आठवली, दर पंधरवड्याला डबा आणि धुतलेलं धोतर घेऊन एसटीने पुण्याला जाणारी. वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते, ते म्हणतात निकालाची बातमी आली त्या आठवड्यात वकीलकाका स्वतः घरी आले, अर्ज आजीच्या हातात दिला आणि चहासुद्धा न घेता गेले. अर्ज त्यांनी निकालाच्या आधीच मे महिन्यासाठी टाईप करून ठेवला होता, तो दाखल झालाच नाही, म्हणून तारखेचा आकडाही पडला नाही.

आज कुणी म्हणतं की जज काय निवडून आलेत का, लोकांनी निवडलेल्या सरकारला अडवणारे हे कोण, तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं की १९७६ मध्येही सरकार निवडून आलेलंच होतं, संसदेत भरपूर बहुमत होतं, आणि नेमकं त्यामुळेच आजीला संसदेचा काही उपयोग नव्हता, पेपरवर सेन्सॉर, विरोधी नेते तुरुंगात, राहिलं होतं फक्त कोर्ट. बाबासाहेबांनी संविधान सभेत कलम ३२ ला, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जायच्या हक्काला, घटनेचा आत्मा म्हटलं ते ह्याच्यासाठी. कोर्टाने आजोबांना सोडायलाच हवं होतं असंही माझं म्हणणं नाही, पण कागद मागवून बघायला तर हवे होते ना!

एकटे खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाचा नंबर त्यांचा होता, तो डावलून बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. आजोबा त्याच सुमारास सुटले, कारण न कळताच. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरलं की आणीबाणीतही कलम २० (गुन्ह्याच्या खटल्यातलं संरक्षण) आणि २१ चं संरक्षण बंद करता येणार नाही. भगवतींनी पुढे जाहीरपणे चूक कबूल केली, आणि त्याआधी १९८३ मध्ये शीला बारसे या पत्रकार बाईंच्या नुसत्या पत्रावरून त्यांनी मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांसाठी आदेश दिले, बायकांची वेगळी कोठडी, महिला पोलीस, वकिलाची मदत. तोच माणूस! म्हणून मला कोर्टाबद्दल पूर्ण निराशही होता येत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला प्रायव्हसीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने जबलपूरचा निकाल चूक ठरवला, आणि ते लिहिलं धनंजय चंद्रचूडांनी, यशवंतरावांच्या मुलाने. एक्केचाळीस वर्षं लागली. आजोबाही नव्हते तोवर, आजीही नाही.

वडिलांनी मला खन्नांचा निकाल मोठ्या टाईपात प्रिंट करून मागितला. इंग्रजी अवघड आहे, डिक्शनरी घेऊन बसतात, रोज दोन पानं. तारखेचा आकडा नसलेला तो अर्ज खूण म्हणून त्यातच ठेवलाय.