पाव किलोचं गणित

"एकटीपुरतं कशाला करत बसतेस?" असं विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यांनी एकटीसाठी कधी रांधलेलं नसावं. करायला कितीसा वेळ लागतो? खरी कसोटी संपवण्याची.

गवार, भेंडी पाव किलो मिळते. दुधी मात्र अख्खा घ्यावा लागतो. अर्धा मागितला तर मावशी म्हणतात, "उरलेला मी कुणाला घालू, ताई?" त्यांचंही बरोबरच आहे. मग त्या दुधीला आठवडाभर खेळवायचं. अर्ध्याची चणाडाळ घालून भाजी, उरलेला किसून थालीपिठात, सालं तिळाबरोबर परतून चटणी. फ्रीजच्या दारावर 'सोमवार वांगं, मंगळवार भेंडी' असा तक्ता लावणं चार माणसांच्या घरात शोभतं. एकटीच्या घरात तक्ता असलाच तर तो शिल्लकेचा. वाटीभर मटकीला मोड आले की ती टोपलीभर होते. पहिल्या दिवशी उसळ. रस्सा सैल ठेवला तर दुसऱ्या दिवशी फरसाण पेरून मिसळ. तिसऱ्या दिवशी मटकीचं तोंड बघवत नाही, म्हणून निम्मे मोड आधीच फ्रीझरमध्ये.

प्रमाणांचीही गंमत असते. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी, म्हणून पाव वाटीला अर्धी वाटी, हे शाळेतलं त्रैराशिक पातेल्यात चालत नाही. तांदूळ कमी केले म्हणून वाफ होऊन उडणारं पाणी काही त्याच हिशेबाने कमी होत नाही. भात टचटचीत राहतो. पाणी थोडं चढंच घालावं. फोडणीचंही तसंच. मोठ्या कढईत चमचाभर तेल नुसतं पसरतं, मोहरी कोरडीच राहते आणि हिंग जळतो. त्यापेक्षा लोखंडी पळी बरी. तेवढ्याच तेलात मोहरी बुडते आणि नीट तडतडते.

पोळीचं माझं मत जरा कडक आहे: एकटीने कणीक मळू नये. कणीक मळा, झाकून ठेवा, पोळपाट काढा, लाटा आणि एवढं करून पोळ्या दोन. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथून मोजून आणाव्यात. भाकरीची गोष्ट वेगळी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाण्यात मळायचं आणि मळलं की लगेच थापायचं. पीठ ताटकळलं तर भाकरी थापताना चिरते. त्यामुळे दहा माणसांच्या घरातही पीठ एकेका भाकरीपुरतंच मळतात. म्हणजे भाकरी पहिल्यापासून एकट्याच्या मापाची. परातीत मूठभर पीठ, तव्यावर एक भाकरी, शेजारच्या शेगडीवर पिठलं रटरटतंय. भाकरी फुगली की तव्याकडून थेट ताटात, आणि समोर वाट बघणारं दुसरं कुणी नसल्याने पहिली, सर्वांत चांगली भाकरी आपलीच. चार जणांच्या घरात भाकऱ्या करणारीच्या वाट्याला हे सुख कधी येतं?

त्यातूनही कंटाळा आलाच तर डबे आहेत. मऊ भातावर मेतकूट आणि तूप. नाहीतर कुळथाची पिठी: लसणीची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, पीठ कालवून घातलं की दहा मिनिटांत ताट वाढून होतं. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ एकदा भाजून-दळून ठेवलं की महिने महिने निभावतं, आणि अर्धी वाटी घेतली तर उरायलाही काही राहत नाही.

पंचाईत होते ती पाहुणे आले की. परवा भाऊ-वहिनी अचानक जेवायला थांबले. आमटी भरपूर झाली, भातही पुरला. पण मिठाला हात नेहमीच्या चिमटीवरच थांबला. वहिनीने काही न बोलता मिठाचं भांडं पुढे ओढलं आणि भावाने लोणच्याची बरणी.