मिल लॅक्सचा एकच कोपरा

मंगळवार, रात्री

शनिवारी मिल लॅक्सला, म्हणजे अमेरिकेत मिनेसोटातल्या मोठ्या तलावावर, जायचं पक्कं झालं. वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा गरवायला मी आजवर घराजवळच्या तळ्यांवरच गेलोय. तिथं या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस मान वर करून बघतो. मिल लॅक्स म्हणजे 1,32,000 एकर पाणी, आणि खोली फार फार तर 42 फूट. एवढं पसरट आणि एवढं उथळ म्हटल्यावर वाऱ्याला मोकळं रानच. थोडा जोर धरला की आखूड, उभ्या लाटा उठतात. माझी होडी सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची, मागे पंचवीस अश्वशक्तीचं इंजिन.

सगळे करतात तसं मीही आधी मिनेसोटा डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, खोलीचा नकाशा उघडला. उत्तरेकडे खोल पाण्यात चिखलाची पठारं आहेत, कडेला एकदम उतरणारी. इतर ठिकाणी खडकांचे आणि खडीचे उंचवटे. बरी वाटेल त्या जागेवर खूण करत गेलो. तासाभराने नकाशावर खूण नसलेली जागा शोधावी लागत होती. मग सगळ्या पुसल्या. हाताशी एक संध्याकाळ आणि एक पहाट. त्यात तलाव ‘बघायचा’ म्हटलं तर पेट्रोल जळेल आणि गरी कोरडी राहील.

चिखलाची पठारं पहिल्याच फटक्यात बाद केली. ती ऐन उन्हाळ्यातली जागा, आत्ता जूनचा पहिला आठवडा चाललाय. शिवाय ती काठापासून लांब, वारा फिरला तर परतायचे वांधे. म्हणजे उरले काठाजवळचे खडक. आता कुठल्या काठाचे, एवढाच प्रश्न.

आमच्याकडे देवगडला हा प्रश्न नसायचा. बाबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे. अष्टमी असली तर सहा, की त्या बेताने खाडीवर हजर. इथं भरती नाही, ओहोटी नाही. पाण्याचं पंचांग वाऱ्याच्या हातात, आणि तो तिथी पाळत नाही.

गोची अशी की मासा आणि होडी यांचं वाऱ्याबद्दल अजिबात पटत नाही. ज्या काठावर लाटा आपटतात तिथं पाणी ढवळतं, उजेड आत कमी शिरतो, बारीक मासे भांबावतात. वॉलआयला हेच हवं असतं. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसाच. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. म्हणजे मासा लाटांच्या बाजूला आणि होडी आडोशाच्या बाजूला सुखी. पुस्तकी सल्ला सांगतो, वारा लागणारा काठ धरा. तो सल्ला देणाऱ्यांच्या होड्या वीस फुटी असतात.

मी अंधाराच्या बाजूने जायचं ठरवलंय. 2005 मध्ये या तलावात झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून खातात. पुढे पाणी बरंच नितळ झालं. नितळ पाण्यात भर दुपारी वॉलआयच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण सूर्य बुडताना, साधारण नऊच्या सुमारास, मासा आडोशाच्या खडकांवरही चढतो. तेव्हा लाटा नसल्या तरी उजेड कमी असतोच. दुपारी झोप, सहाला होडी पाण्यात, अंधार पडल्यावर तासभर थांबून परत. होडीचे दिवे उद्या तपासायचे.

गुरुवार

जळवा आणल्या. आमिषाच्या दुकानातल्या म्हातारबांनी हात घालून मूठभर काढल्या, डब्यात टाकल्या आणि विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, मिल लॅक्स. ते म्हणाले, वारा बघून जा. बाकी काही सांगितलं नाही, पण जळवा मोजून देताना चार जास्त टाकल्या.

ही जात रक्त पीत नाही, हे मी घरी तीनदा सांगितलं. तरी डबा फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी दिसल्यावर व्हायचं ते झालं. आता तो गॅरेजमधल्या बर्फाच्या पेटीत आहे. गळ जळूच्या जाड टोकाला, चूषकातून ओवायचा. मधोमध ओवला तर ती गोळा होऊन बसते. टोकाला ओवली की पाण्यात रिबिनीसारखी लांब होत हलत राहते. वर सरकता फ्लोट, दोरीला गाठ अशी की जळू तळापासून फूटभर वर लोंबेल. यापेक्षा जास्त सरंजाम मी नेणार नाही.

शिकागोहून मावसभावाचा फोन.

“दादा, मी चार रॉड आणतोय.”

“आण. पाण्यात एका वेळी एकच टाकता येतो.”

“एकच? आणि मासे किती न्यायचे?”

हे मात्र निघायच्या आदल्या रात्री पुन्हा बघायचं. मिल लॅक्सचे नियम राज्याच्या इतर तलावांपेक्षा वेगळे असतात, आणि बदलतात. 2016 ते 2018 तिन्ही उन्हाळे इथून एकही वॉलआय घरी न्यायची परवानगी नव्हती. पकडा आणि सोडा. मासा किती काढायचा हे राज्य आणि इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक मिळून ठरवतात. 1837 च्या करारातला त्यांचा मासेमारीचा हक्क 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. त्यावर कुरकुरणारे पुष्कळ भेटतात. करार झाला तेव्हा मिनेसोटा राज्यच नव्हतं, ते 1858 चं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी सांगत नाही, मला आमिष विकत घ्यायचं असतं.

मावसभावाला परराज्याचा परवाना आजच काढायला सांगितला. मासा मिळाला तर त्याचं काय करायचं यावर तो पंधरा मिनिटं बोलला. काटा कमी, मांस पांढरं, रव्यात घोळवून तळायचं यावर दोघांचं एकमत. तिरफळं तोच आणणार आहे.

आणखी एक: झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून परतताना होडीच्या बुडाचा प्लग काढूनच रस्त्यावर यायचं, गवताची काडीही ट्रेलरला लटकता कामा नये. उरलेल्या जळवा आणायच्या तर तलावाचं पाणी ओतून घरचं पाणी भरायचं, म्हणून दोन बाटल्या गाडीत ठेवल्या.

गुरुवार, झोपताना

अंदाज बदलला. शनिवारी संध्याकाळी आग्नेयेचा वारा, ताशी 12 मैल. पश्चिमेकडच्या गॅरिसन गावाच्या काठावर लाटा येणार, तेव्हा ते रद्द. आग्नेय कोपऱ्यात आइल गावाजवळ फादर हेनेपिन उद्यानात होडी उतरवायची सोय आहे, तिथून काठाकाठाने. वारा 15 च्या वर गेला तर होडी ट्रेलरवरच राहील आणि आम्ही काठावरून गरी टाकू. मावसभावाला हे अजून सांगितलेलं नाही.