निकाल हातात आल्यावर: रोमा मुलांच्या शाळेसाठी स्ट्रासबर्गला निवेदन

डी. एच. आणि इतर विरुद्ध चेक प्रजासत्ताक. १३ नोव्हेंबर २००७ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की ओस्त्रावा शहरातल्या १८ रोमा मुलांना (रोमा हा मूळचा भारतातून युरोपात गेलेला समाज) ‘विशेष शाळां’त, म्हणजे सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या शाळांत, घालणं हा भेदभाव होता. त्याआधी २००६ मध्ये छोट्या खंडपीठाने उलट निकाल दिला होता. पण खटला जिंकला म्हणून शाळा बदलत नाही. अंमलबजावणीवर लक्ष ठेवते स्ट्रासबर्गमधली युरोप परिषदेची मंत्री समिती. हे न्यायालय याच परिषदेचं; युरोपियन युनियन ती वेगळी. खटल्यात पक्षकार नसलेल्या संस्थांना तिच्यापुढे लेखी म्हणणं मांडायचं तर ते तिच्या नियम ९.२ खाली. अशी निवेदनं तयार करताना कुठे अडलं आणि काय चाललं, ते लिहितो.

पहिली चूक वेळेची. निकालांच्या देखरेखीसाठी समितीची बैठक वर्षातून चारदा होते: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. बैठकीच्या तीन-चार आठवडे आधी कागद पाठवला की झालं, असा आमचा समज होता. तोवर समितीच्या सचिवालयाचं टिपण आणि ठरावाचा मसुदा जवळपास तयार झालेला असतो, त्यामुळे कागद नोंदला गेला पण त्यातलं काहीच मसुद्यात उतरलं नाही. आता दोन-अडीच महिने हातात ठेवतो. शिवाय सचिवालय निवेदन आधी संबंधित सरकारला पाठवतं. सरकारने पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिलं तर दोन्ही एकत्र समितीपुढे जातात आणि प्रसिद्ध होतात. उत्तर आलं नाही तर निवेदन समितीकडे लगेच जातं, प्रसिद्ध मात्र सरकारला कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांनी होतं.

प्रसिद्ध होतं, हे विसरू नये. मुलाचं नाव खोडून भागत नाही. वय, गाव आणि चाचणीचा निष्कर्ष एका ओळीत आले की त्या गावातला कोणीही पोर ओळखतो. आम्ही गाव काढून जिल्हा लिहितो आणि वयाऐवजी इयत्तांचा गट.

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांवर जातो. याच खटल्यातले आकडे बघा. ओस्त्रावाच्या विशेष शाळांतली ५६ टक्के मुलं रोमा होती. एकूण प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा मुलं मात्र २.२६ टक्के. आता छेद बदलू: रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के विशेष शाळेत, बाकीच्या मुलांपैकी १.८ टक्के. म्हणजे सत्तावीस पटींहून जास्त. ५६ आणि ५०.३ दिसायला शेजारी, पण उत्तरं वेगळ्या प्रश्नांची. पहिला आकडा शाळेबद्दल सांगतो, दुसरा मुलाच्या नशिबाबद्दल. आमच्या एका मसुद्यात हे दोन्ही एकाच परिच्छेदात ‘प्रमाण’ या एका शब्दाखाली गेले होते. सरकारी उत्तराने नेमकं तेवढंच पकडलं आणि बाकी सगळं बाजूला राहिलं.

‘वांशिक आकडेवारी ठेवणं कायद्यात बसत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्याला उतारा याच निकालात आहे. ५०.३ हा आकडा सरकारी जनगणनेतून आलेला नाही. १९९९ मध्ये ओस्त्रावातल्या आठ विशेष आणि ६९ प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रश्नावल्या पाठवून तो काढला होता. अचूकतेबद्दल शंका असूनही न्यायालयाने तो कल धरला आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ओळख काढलेली, एकत्रित बेरीज ठेवायला युरोपीय डेटा संरक्षण नियमांचीही आडकाठी नाही.

नावं बदलतात, हा दुसरा सापळा. २००४ च्या शाळा कायद्याने ‘विशेष शाळा’ हा प्रकारच कागदावरून गेला. सौम्य बौद्धिक अपंगत्वासाठीचा कमी केलेला अभ्यासक्रम मात्र राहिला, तो सप्टेंबर २०१६ पासून रद्द झाला. त्यामुळे ‘विशेष शाळेतली मुलं कमी झाली’ हे वाक्य खरं असूनही फसवं असू शकतं. माझ्या तक्त्यात सहा रकाने असतात: शालेय वर्ष, कोणता अभ्यासक्रम, एकूण मुलं, त्यातली रोमा, आकडा कोणी मोजला, कसा मोजला. शेवटचे दोन रिकामे असतील तर ती ओळ निवेदनात जात नाही. कितीही बोलकी असो.

मुलाला विशेष शाळेत घालायला पालकांनीच सही दिली, हा मुद्दाही हमखास येतो. सही होती, हे खरं. पण न्यायालयाच्या मते भेदभाव सोसण्याला संमती देताच येत नाही, आणि पर्यायांची नीट माहिती त्या पालकांना मिळालीच नव्हती. मुलांना विशेष शाळेत धाडणाऱ्या बुद्धिमापन चाचण्यांवरही निकालात शेरा आहे. घरी कानाला ‘कान’ आणि नाकाला ‘नाख’ म्हणणारं रोमानी बोलणारं मूल चेक मुलांसाठी बेतलेल्या प्रश्नांना बसतं. हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

मागण्या लिहिताना ‘रोमाद्वेष संपवा’ असं लिहिलं की ठरावात काहीच येत नाही. जे वाक्य मसुदा लिहिणारा जसंच्या तसं उचलू शकेल, ते द्यावं: ‘निदान करणाऱ्या केंद्रांवर स्वतंत्र देखरेख बसवावी आणि तिचा अहवाल अमुक तारखेपर्यंत सादर करावा.’ तीन-चार मागण्या पुरे. आमच्या पहिल्या निवेदनात एकवीस होत्या.

निवेदन पाठवून काम संपत नाही. स्ट्रासबर्गमधल्या प्रतिनिधींना सूचना आपापल्या राजधानीतून येतात, म्हणून दोन पानांचा सारांश परराष्ट्र मंत्रालयांकडेही पाठवतो. हाच तक्ता युरोपियन युनियनच्या दारातही चालतो. २००० च्या वंशसमानता निर्देशाखाली (युनियनचा भेदभावविरोधी कायदा) युरोपीय आयोगाने शाळांतल्या विलगीकरणावरून चेक प्रजासत्ताक (२०१४), स्लोव्हाकिया (२०१५) आणि हंगेरी (२०१६) यांच्यावर कारवाई सुरू केली. स्लोव्हाकियाचं प्रकरण युनियनच्या न्यायालयात पाठवायचा निर्णय १९ एप्रिल २०२३ चा, म्हणजे आठ वर्षांनी. आयोगाकडे तक्रार कोणालाही करता येते, पण तिथे समितीची भाषा चालत नाही. निर्देशाचं नेमकं कलम मोडल्याचं दाखवावं लागतं.

ठराव आला की त्यातल्या तारखा वहीत उतरवतो. सरकारने काय, कधीपर्यंत द्यायचं आहे. पुढच्या निवेदनाचं पहिलं पान त्याच यादीचं असतं: आलं, अर्धं आलं, आलं नाही.