जामीन झाला, पण पोरगं आतच

शाळेतून निवृत्त झाल्यावर बेळगावच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारा स्वयंसेवक, व्हायला अर्ज दिला. त्याला वकिलीची पदवी लागत नाही, दहावीपर्यंत शिकलेला माणूस चालतो. माझी जमेची बाजू म्हणजे मराठीबरोबर कन्नड वाचता येतं. सीमाभागात कोर्टकचेरीच्या कामात याचा मोठाच उपयोग.

खानापूर तालुक्यातल्या एक बाई आल्या. मुलगा चोरीच्या केसमध्ये हिंडलगा जेलमध्ये. "जामीन झाला म्हणत्यात मास्तर, मग पोरगं घरी का येईना?" पिशवीतून त्यांनी घडी पडलेला आदेश काढला. दोन जामीनदार मागितले होते. आता जामीनदार म्हणजे जमिनीचा उतारा आला. ज्यांच्याकडे उतारा आहे ते चोरीच्या केसमध्ये पडत नाहीत, आणि जे पडायला तयार आहेत त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार मिळतात, असंही कुणीतरी कानात सांगून गेलं. त्या भानगडीत आपण पडायचं नाही.

कामी आला तो सर्वोच्च न्यायालयाचा 31 जानेवारी 2023 चा आदेश. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि सचिवांनी त्याच्याशी बोलायला कुणाला तरी पाठवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट सैल करता येते का हे कोर्ट स्वतःहूनही बघू शकतं.

मुलाला भेटून सगळी हकीकत लिहून काढली. बाप नाही, जमीन नाही, आई वीटभट्टीवर. रेशनकार्ड आणि पंचायतीचा दाखला जोडला. वकील प्राधिकरणानेच दिला, फुकट. 1987 च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला तो मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. पळून जाईल, अशी हरकत सरकारी वकिलांनी घेतली. आमच्या वकिलांनी दाखला पुढे केला: जन्मापासून एकाच गावात, पळून जाणार कुठे? शेवटी दोनाचा एक जामीनदार झाला. तेवढ्यावर बाईंचे भाऊ तयार झाले. दोन जामीनदार होते तेव्हा दुसरा आणायचा कुठून, म्हणून तेही गप्प बसले होते.

पोरगं सुटलं, केस चालूच आहे. तारखेला गेलं नाही तर भुर्दंड मामाला बसेल, म्हणून आदल्या संध्याकाळी मी फोन करतो. कधी कधी पोरगंच आधी करतं.